बिरादार सरांच्या बारा ओळी

दिगंबर बिरादार यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एक कीबोर्ड टेबलाच्या कडेवर आपटत होते. तीन वेळा आपटला. तिसऱ्यांदा त्याची बटणं उडाली आणि त्यातलं एक माझ्या चपलेपाशी येऊन पडलं. मी आदल्या दिवशीच पुण्याहून हैदराबादला आले होते आणि नेमणुकीचं पत्र हातात धरून दारात उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कीबोर्डचा सांगाडा कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि म्हणाले, "पुण्याची का तू? बस तिथं. हे रोजचं नाही."

मी बसले. शेजारच्या टेबलावरचा नईम मान खाली घालून हळूच म्हणाला की हे रोजचंच आहे.

आमची कंपनी कुकटपल्लीत होती. खाली बेअरिंगचं दुकान, शेजारी पत्रे कापायचा कारखाना. पत्रा दिवसभर किंचाळायचा आणि त्या किंचाळण्यात आम्ही अठरा माणसं दवाखान्यांसाठी पडदे बनवायचो. पडदे म्हणजे नर्सच्या टेबलासमोर भिंतीवर टांगलेले टीव्ही. कुठल्या खाटेवर कोण, औषध कुठलं, किती, केव्हा, हे सगळं त्यावर दिसायचं. मालक माधवगारू, म्हणजे आपल्याकडचे माधवराव, अतिशय हळू आवाजात बोलत. आरडाओरड्याचं सगळं खातं बिरादार सरांकडे होतं.

सर पन्नाशीचे. बुटके, मानेनं जाड, मनगटं बैल धरणाऱ्याची. मूळ घर भालकीकडचं, शेतीवाल्यांचं. कॉलेजसाठी हैदराबादेत नल्लकुंट्याला मामाकडे आले ते तिथंच राहिले. एकाच वाक्यात मराठी, दखनी आणि तेलुगू बोलायचे आणि रागावले की तिन्ही एकदम बाहेर पडायच्या. डाव्या कानानं त्यांना ऐकू येत नसे. त्या बाजूनं कुणी बोललं की ते सबंध धड वळवून बघत, आणि नव्या माणसाला वाटे की हा आता अंगावर येतो.

त्या कानाची गोष्ट त्यांनी एकदा डबा खाताना सांगितली. ते नऊ वर्षांचे असताना त्यांच्या हातून बैल सुटला आणि शेजाऱ्याच्या ज्वारीत शिरला. वडिलांनी कानाखाली मारली. "एक आवाज झाला," सर भाकरी मोडत म्हणाले, "मग त्या बाजूनं आवाज झालाच नाही." कुणीतरी हळहळलं. सरांना ते आवडलं नाही. बैलानं अर्धी ज्वारी तुडवली होती, वडिलांचं बरोबरच होतं, असं त्यांनी बजावलं. कान गेल्याचं मला वाईट वाटलंच. पण बरोबरच होतं हे ज्या शांतपणे ते म्हणाले, त्याची मला जास्त भीती वाटली.

शिकवायला मात्र त्यांच्यासारखा माणूस मला पुन्हा भेटला नाही. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पानावरची अक्षरं कुठल्या रंगाची, किती मोठी, कुठं बसवायची, हे आम्ही प्रोग्रॅममध्ये एका गठ्ठ्यासारखं लिहायचो. त्यातली नावं जोडून असतात, दुसरा शब्द सुरू होतो तिथं फक्त मोठं अक्षर येतं. ब्राउझरला हा गठ्ठा मजकूर म्हणून धाडायचा तर त्याची एकच लांब ओळ करावी लागते. मोठं अक्षर असेल तिथं तोडायचं, ते लहान करायचं, मध्ये आडवी रेघ घालायची. मग नाव, किंमत, अर्धविराम. पुन्हा नाव, किंमत, अर्धविराम. आमच्या कंपनीत हे रूपांतर करणाऱ्या बारा ओळी सरांनी स्वतः लिहिलेल्या होत्या. सगळे पडदे त्या बारा ओळींतून जात. त्यांना हात लावायची कुणाला परवानगी नव्हती.

मला त्या समजावताना सरांनी लोखंडी फूटपट्टी काढली. "बॅकग्राउंड," म्हणाले आणि फूटपट्टी माझ्या करंगळीपासून बोटभर अंतरावर आपटली, "कलर. मोठं अक्षर दिसलं की वार. फाँट," पुन्हा आपटली, "साइझ. समजायलंय का?" मी हात मागं घेऊ लागले तर म्हणाले, "हात तिथंच ठेव. भीती वाटली की लक्षात राहतं."

नुसता आकडा दिला तर त्याच्यापुढं मापाचं एकक जोडायचं, पण काही नावं अशी की त्यांना एकक चालत नाही. त्यांची यादी सरांनी भिंतीला लावलेली होती आणि ती आम्हाला पाठ म्हणावी लागे. एखादं नाव चुकलं की फूटपट्टी. टेबलाला कुऱ्हाडीचे घाव बसल्यासारख्या खाचा पडल्या होत्या. मला ती यादी आजही पाठ आहे. आपण शिकलो ते त्या धाकामुळे की त्या माणसाला विषय फार स्वच्छ समजला होता म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यांच्या हाताचा आम्हाला एकदा फायदाही झाला. पत्र्याच्या कारखान्यातला एक माणूस फाटकाशी उभा राहून आम्हा मुलींना घाणेरडं बोलायचा. एक दिवस त्यानं माझी ओढणी धरली. वरून सरांनी पाहिलं. ते खाली आले, एक शब्द बोलले नाहीत, आणि त्याच्या तोंडावर ठोसे मारत सुटले. तो खाली पडला तरी थांबेनात. नईम आणि वॉचमन दोघांनी मिळून ओढलं तेव्हा रस्त्यावर दोन दात पडलेले होते आणि माणूस रक्ताच्या गुळण्या टाकत होता. सर वर आले, हात धुतले आणि माझ्या टेबलाशी येऊन सकाळच्या कामातली चूक दाखवू लागले. बोटांची सालं निघाली होती. मला सुटल्यासारखं वाटत होतं आणि त्या बोटांकडे बघवतही नव्हतं. त्या माणसानं पुन्हा कुणाकडे मान वर करून पाहिलं नाही. आम्हीही त्या फाटकातून जाताना मान खाली घालूनच जात होतो.

नईम हैदराबादचाच. सरांच्या निम्म्या वयाचा, शांत, कामात बारकाईचा. सरांवर त्याचा जीव होता असं म्हणता येणार नाही, पण त्यांचं काम तो आदरानं बघायचा. एका सकाळी तो सरांकडे गेला आणि म्हणाला की दवाखान्याच्या पडद्यावर एका चौकटीची रेघ जात नाहीये. त्यानं तिची जाडी शून्य दिली होती, तरी रेघ दिसत होती. त्याला वाटत होतं की बारा ओळींतल्या चौथ्या ओळीत शून्य गळून पडतंय.

चौथी ओळ मलाही पाठ होती. किंमत नसेल तर ते नाव सोडून पुढं जा, एवढंच त्यात होतं. रिकाम्या गोष्टी मजकुरात येऊ नयेत म्हणून.

सर म्हणाले की बरोबर आहे, शून्य म्हणजे काही नाही, काही नसलेलं कशाला पाठवायचं. रेघ दुसरीकडून येत असेल, शोध.

नईम तिथंच उभा राहिला. "झीरो भी तो कुछ है ना सर," तो म्हणाला. "झीरो बोलना और कुछ नै बोलना, एक नै होता."

सरांनी उठून त्याच्या कानाखाली मारली. सगळ्यांदेखत. नईमचा चष्मा उडाला, तो टेबलाला धरून कसाबसा उभा राहिला. सर म्हणाले, "मला शिकवायलास?" शेजारी पत्रा कापत होते आणि त्या आवाजाखाली खोलीतलं कुणी काही बोललं नाही. मीही नाही. नईमनं चष्मा उचलला, काडी वाकडी झाली होती ती सरळ केली आणि जागेवर जाऊन बसला. रेघेचा रंग त्यानं मागच्या रंगासारखाच करून टाकला. रेघ दिसेनाशी झाली आणि विषय संपला.

त्यानंतर चारेक महिन्यांनी नर्सेसची एक तक्रार आली. डॉक्टरांनी औषध बदललं की जुनी ओळ पडद्यावरून नाहीशी होई आणि खालच्या सगळ्या ओळी एकदम वर उडी मारत, त्यामुळे वाचणाऱ्याची नजर चुके. ते काम माझ्याकडे आलं. मी जुनी ओळ काढून न टाकता तिचा ठळकपणा शून्य केला. म्हणजे ओळ जागेवर राहील, पण दिसणार नाही. आमच्या संगणकावर ते सुरेख चाललं, कारण तिथं गठ्ठा थेट लागत असे. दवाखान्याच्या जुन्या टीव्हींना मात्र बारा ओळींतून गेलेला मजकूर जाई. तो मी तपासला नाही. सरांच्या ओळी तपासायच्या असतात हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

दवाखान्यात पद्मा नावाची एक बाई होती, चाळिशीची, साखरेचा त्रास असलेली. तिचं जेवण कमी झालं म्हणून डॉक्टरांनी इन्सुलिन चोवीस युनिटवरून आठवर आणलं. पडद्यावर दोन्ही ओळी दिसत राहिल्या, वर चोवीस, खाली आठ. सुजाता नावाची नर्स नुकतीच कामावर आली होती. तिनं वरची ओळ वाचली. दुपारपर्यंत पद्मा बेशुद्ध झाली आणि तिला झटके येऊ लागले.

पुढचं आम्हाला फोनवरून कळलं. पद्माचा भाऊ यादगिरी टेम्पो चालवायचा. तो आणि त्याच्याबरोबरची माणसं वॉर्डात शिरली, काचा फोडल्या, आणि सुजाताला केस धरून टेबलापासून लिफ्टपर्यंत फरफटत नेलं. तिचं खांद्याचं हाड मोडलं. दवाखान्यानं तिला त्याच संध्याकाळी कामावरून दूर केलं आणि पोलिसांत तिच्याविरुद्ध तक्रार दिली. आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडून त्या पडद्याची नोंद मागवली.

नोंद सरांनी उघडली. दवाखान्याला गेलेला मजकूर ते बोट ठेवून एकेक शब्द वाचत होते. मग वळून मला विचारलं, "पुणेकर, तू शून्य दिलं होतंस?"

मी हो म्हणाले.

"मग इथं का नाही?"

नईम स्वतःच्या पडद्याकडे बघत बसला होता. सर उठून मोरीकडे गेले. ओकल्याचा आवाज आला. परतले तेव्हा तोंड ओलं होतं आणि शर्टाचा पुढचा भागही.

माधवगारूंनी त्यांना काचेच्या खोलीत बोलावलं. दार उघडंच राहिलं, त्यामुळे आम्हाला ऐकू येत होतं. आजच्या आज ती ओळ बदला, नोंदीचं मी बघतो, असं ते नेहमीच्या हळू आवाजात सांगत होते. नर्सनं कागदावरचा तक्ता बघायला हवा होता, नियमच तसा आहे, आणि अठरा घरांचा प्रश्न आहे. त्यांच्या बोलण्यात अगदीच खोटं असं काही नव्हतं. सरांनी त्यांची कॉलर धरली आणि त्यांना भिंतीवर दाबलं. काचेला तडा गेला. मला वाटलं आता इथंही दात पडणार.

"तिचे केस धरून ओढलं," सर म्हणाले. "माझ्या ओळीपायी."

मग त्यांनी कॉलर सोडली. बाहेर आले, मजकुराची आणि बारा ओळींची छापील प्रत काढली, आणि सगळ्यांकडे बघून म्हणाले, "नईमनं सांगितलं होतं. मी त्याला मारलं." एवढंच. माफीचा शब्द नाही, आवाजही चढला नाही. नईमनं संगणक बंद केला आणि हेल्मेट उचललं. "चलो सर," म्हणाला. मी त्यांच्यामागून रिक्षानं गेले. का गेले ते सांगता येत नाही. शून्य मी दिलं होतं म्हणून असेल.

दवाखान्यात अधीक्षकांनी कागद बघून त्यांना बसायला सांगितलं आणि वकिलांना फोन लावू लागले. सर बसले नाहीत. बाहेरच्या व्हरांड्यात पद्माची माणसं जमिनीवर बसली होती. सर सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले आणि यादगिरी कोण ते विचारलं. एक काळासावळा, दाढी वाढलेला माणूस उठला.

"सिस्टरदि तप्पु कादु," सर तेलुगूत म्हणाले. "नादि." सिस्टरची चूक नाही, माझी आहे.

त्याला कळेना. तेव्हा सरांनी कागद उलगडले आणि त्याला समजावून सांगितलं, आम्हाला सांगत तसंच, पायरी पायरीनं. ही जुनी ओळ. ही लपायला हवी होती. तिला शून्य दिलं होतं. माझ्या प्रोग्रॅमनं ते गाळलं. एका माणसानं मला आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. यादगिरीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मध्ये एकदा त्यानं कागदावर बोट ठेवून हीच का ती ओळ असंही विचारलं. सर मान हलवून हौ म्हणाले.

मग त्यानं भिंतीशी उभा असलेला सलाईनचा लोखंडी स्टँड उचलला.

पहिला फटका खांद्यावर बसला. दुसऱ्याला सर गुडघ्यावर आले. त्यांची मनगटं मी पाहिलेली होती. त्यांनी मनात आणलं असतं तर तो स्टँड हिसकावून त्या माणसाला आडवा केला असता. त्यांनी फक्त उजवा हात डोक्यावर धरला. स्टँडचा जड पाया त्या हातावर उतरला, पुन्हा उतरला, आणि ओली फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. इतरांनी लाथा घालायला सुरुवात केली. नईम मध्ये पडला, त्यांच्या अंगावर ओणवा झाला, त्याच्या पाठीवर दोन बसले. खालून सरांचा आवाज आला, "नईम, बाजूला हो." तो झाला नाही. मी ओरडत होते असं नईम नंतर म्हणाला. मला आठवत नाही.

सुरक्षारक्षकांनी सगळ्यांना ओढून काढलं तेव्हा यादगिरी जमिनीवर बसून हमसाहमशी रडत होता. सर भिंतीला टेकलेले होते. कपाळातून रक्त डोळ्यांत उतरत होतं. उजव्या हाताची बोटं नको त्या दिशांना वळली होती. अधीक्षक धावत आले, त्यांना सर म्हणाले, "आता लिहून घ्या. तक्रार त्या सिस्टरवरून काढा. मग हात बघा."

सुजाताला दवाखान्यानं परत घेतलं. तिचा खांदा मात्र पूर्ण वर उचलला जात नाही असं ऐकते. पद्मा सहा दिवसांनी शुद्धीवर आली. तिला शब्द सापडत नाहीत, मुलीला ती भावाच्या नावानं हाक मारते. यादगिरीवर सरांनी तक्रार केली नाही. पोलीस दोनदा येऊन गेले, दोन्ही वेळा त्यांनी नाही म्हटलं. माधवगारूंनी त्यांना काढून टाकलं. चौथी ओळ नईमनं दुरुस्त केली. किंमत खरोखर दिलेलीच नसेल तरच सोड, शून्य असेल तर सोडू नको, असं त्यात आता लिहिलेलं आहे. एवढ्या बदलाला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

पंधराएक दिवसांनी मी आणि नईम नल्लकुंट्याला त्यांच्या घरी गेलो. सरांच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, चहा दिला. प्लास्टर कोपरापर्यंत होतं. सर कप डाव्या हातात धरून बसले होते आणि बराच वेळ हवापाण्याचं बोलत राहिले. मग नईमकडे धड वळवून म्हणाले, "तुला मारलं, ते..."

नईमनं कप खाली ठेवला. त्याचा आवाज अजिबात कडू नव्हता. "माफ नै किया मैं, सर," तो म्हणाला. "मिलने आया, बस."

सर "हौ," म्हणाले. वहिनी आत निघून गेल्या.

मी त्यानंतर दोन वर्षं हैदराबादेत होते. सरांची तीन बोटं कायमची वाकडी राहिली. त्यांना कुठं नोकरी मिळाली नाही, किंवा त्यांनी शोधली नाही. नल्लकुंट्याच्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी क्लास काढला. पुण्याला परत यायच्या आदल्या दिवशी मी सकाळी दहाच्या सुमाराला त्यांचा निरोप घ्यायला गेले. खिडकी उघडी होती. आत आठ-दहा मुलंमुली बसली होती आणि सर डाव्या हातानं फळ्यावर लिहीत होते. अक्षर पहिलीतल्या मुलाचं असावं तसं. मी फाटकातच थांबले.

पुढच्या बाकावरची एक मुलगी बोटांनी ओढणी चिवडत उठली आणि फळ्यावरची तिसरी ओळ बरोबर वाटत नाही असं म्हणाली. तेलुगू वळणाचं हिंदी होतं तिचं. सरांनी धड वळवलं. मानेवरची शीर फुगलेली मला फाटकातूनही दिसली. ते एक पाऊल तिच्याकडे गेले. ती बसली नाही, पण तिनं डोळे मिटून घेतले.

सर खोलीबाहेर आले. मी तिथं आहे हे त्यांना दिसलं नाही. कंपाउंडच्या भिंतीपाशी जाऊन त्यांनी डाव्या हाताची मूठ वळली आणि भिंतीवर मारली. पुन्हा मारली. तोंडातून आवाज नाही, नुसते एकामागून एक ठोसे, सिमेंटचे पापुद्रे पडेपर्यंत. भिंतीवर रक्ताचे ठिपके उमटले. मग ते थांबले, खिशातला रुमाल काढला आणि वाकड्या बोटांनी दुसऱ्या हाताभोवती गुंडाळू लागले. गाठ काही बसेना, तेव्हा दातांनी ओढून बसवली.

आत गेले. मुलगी अजून उभीच होती.

"हं," सर म्हणाले. "तिसरी ओळ. सांग."